‘गावची लाईट’ नावाची थाप

काही वाक्यं अशी असतात की ती कुणी म्हटली की पुढचं बोलणंच खुंटतं. दवाखान्यात म्हणतात, "व्हायरल आहे." सरकारी कचेरीत म्हणतात, "सर्व्हर डाऊन आहे." आणि कॉम्प्युटरच्या दुकानात म्हणतात, "तुमच्याकडच्या लाईटीचा प्रॉब्लेम आहे." तिन्ही वाक्यं अधूनमधून खरी असतात, आणि खरी पंचाईत तीच आहे. कायम खोटं बोलणारा माणूस लगेच पकडला जातो. अधूनमधून खरं निघणारं वाक्य मात्र वर्षानुवर्षं फुकटात वापरता येतं.

आज या तिसऱ्या वाक्यावर लिहायचंय. नवा कोरा असेंबल्ड पीसी घेतला, घरी आणला, आठवड्याभरात त्रास द्यायला लागला, आणि गिऱ्हाईक शहराबाहेरचं असलं की हे वाक्य हमखास येतं. कुणी काही मोजलेलं नसतं, उघडून पाहिलेलं नसतं. गावाचं नाव ऐकलं की निदान तयार. माझं म्हणणं एका ओळीत सांगतो: ज्याने मोजलं नाही, त्याला निदान सांगायचा अधिकार नाही. मग तो दुकानदार असो, नाहीतर हिंजवडीतला सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर असो.

हवेत बोलत नाही, एक केस सांगतो. आंबेगाव तालुक्यातलं निरगुडसर. मंचरहून जवळच, आमचं आजोळ. तिथे माझा मामेभाऊ लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. तुम्ही हसाल, पण आमच्याकडे लग्नसराईत हा धंदा उसाला मागे टाकेल असा चालतो. ड्रोन आहे, प्री-वेडिंग आहे, हळदीची वेगळी रील आहे. या कामासाठी त्याने पतसंस्थेचं कर्ज काढून पुण्यातल्या एका दुकानातून अठ्ठ्याहत्तर हजारांचा डेस्कटॉप जोडून घेतला. आठवडाभर नीट चालला. मग लांब रेंडर लावला की दीड-दोन तासांनी मशीन आपोआप रिस्टार्ट व्हायला लागलं. रात्री लावलेलं काम सकाळी अर्धवट. वर कॅबिनेटला हात लावला की मुंग्या. घरात मामीने नियमच करून टाकला होता: कॉम्प्युटरला हात लावायचा तर पायात चप्पल पाहिजे.

कॅबिनेट गाडीवर बांधून पठ्ठ्या तीन वेळा पुण्याला गेला. जाऊन-येऊन सव्वाशे-दीडशे किलोमीटर. पहिल्या वेळी दुकानदाराने विंडोज नव्याने टाकून दिली. दुसऱ्या वेळी एसएमपीएस बदलला, त्याचे वेगळे पैसे. तिसऱ्या वेळी अर्धा तास चालवून दाखवला आणि म्हणाला, "बघा, इथे कसा मस्त चालतोय. तुमच्याकडच्या लाईटीचा प्रॉब्लेम आहे." आणि दोन हजार दोनशेचा स्टॅबिलायझर गळ्यात मारला. रिस्टार्ट होणं काही थांबलं नाही.

आता या युक्तिवादाकडे जरा बघा. मशीन बंद पडतं दीड-दोन तासांच्या रेंडरनंतर. दुकानात चालवलं अर्धा तास, तेसुद्धा रिकामं. यातून सिद्ध काय झालं? एवढंच की दुकानात दोन तासांचा रेंडर कुणी लावला नाही. सॉफ्टवेअरमध्ये एखाद्या टेस्टरने "माझ्याकडे तर चालतंय" एवढ्या बळावर बग बंद केला तर आपण त्याला धारेवर धरतो. इथे ते वाक्य दुकानदार म्हणाला आणि गिऱ्हाइकाने मान डोलावली, कारण आपल्या गावाबद्दल काही वाईट ऐकून घ्यायची आपल्याला सवयच झालेली आहे.

दुकानदाराकडे पुरावा होता बरं का! त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल रंगातली नोंद दाखवली होती: कर्नल-पॉवर, इव्हेंट ४१. "बघा, पॉवर लिहिलंय."

या एका नोंदीने देशभरात किती एसएमपीएस विनाकारण बदलले गेले असतील, देव जाणे. इव्हेंट ४१ चा अर्थ इतकाच की मागच्या वेळी मशीन रीतसर शटडाऊन न होता बंद झालं. का झालं, ते त्या मथळ्यात नसतं. लाईट गेली तरी हीच नोंद होते, मशीन गोठलं म्हणून तुम्ही बटण दाबून धरलंत तरी हीच, आणि ब्लू स्क्रीन येऊन गेला तरी हीच. पण त्याच नोंदीच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ नावाचा एक रकाना असतो. तिथे शून्य असेल तर विंडोजला कारण लिहून ठेवायला वेळच मिळाला नाही, म्हणजे विजेवर, एसएमपीएसवर संशय घ्यायला जागा आहे. तिथे शून्य सोडून दुसरा आकडा असेल, तर विंडोज स्वतः कोसळली, आणि कोसळताना निरोप ठेवून गेली.

निरगुडसरच्या मशीनमध्ये आकडे होते २६, ८० आणि ५९. हे दशमान पद्धतीतले आकडे. २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, ८० म्हणजे चुकीच्या पत्त्यावरचं पान मागितलं, ५९ म्हणजे सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन. दर वेळी वेगळा कोड, आणि त्यातले बरेच मेमरीच्या आसपास घोटाळणारे. एकच ड्रायव्हर बिघडलेला असेल तर तो सहसा एकाच जागी पुन्हा पुन्हा रडतो. रोज वेगळ्या जागी रडणं हे रॅमचं जुनं लक्षण. म्हणजे जी नोंद दाखवून दुकानदाराने गावाच्या लाईटीवर खापर फोडलं, तीच नोंद दोन क्लिक आत गेल्यावर लाईटीला निर्दोष सोडत होती!

तरीही लाईट मोजली. संशयिताची जबानी घ्यायला काय हरकत? चारशे-पाचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर, एक वही, तीन दिवस. सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी साडेसात. आकडे २१८ ते २३६ च्या मध्ये. आपल्याकडचा ठरलेला आकडा २३० व्होल्ट. त्या तीन दिवसांत मशीन चार वेळा रिस्टार्ट झालं, त्यातलं एकदा मीटर २३१ दाखवत असताना. हल्लीच्या बऱ्याच एसएमपीएसवर छापलेलं असतं: १०० ते २४० व्होल्ट. त्याला २१८ आणि २३६ मधला फरक समजतसुद्धा नाही.

मग मेमटेस्ट८६ प्लस पेन ड्राईव्हवर टाकून रात्रभर लावलं. पहिली फेरी स्वच्छ. दुसऱ्या फेरीत लाल ओळी. बायोसमध्ये एक्स्पो प्रोफाईल चालू होतं, म्हणजे रॅम ६००० च्या वेगाने पळत होती. प्रोफाईल बंद करून ४८०० वर आणलं, रात्रभर एकही चूक नाही. पुढे एकेक कांडी वेगळी लावून ६००० वर तपासली. एक पास, दुसरी नापास. दोन्ही कांड्या वेगवेगळ्या पाकिटांतल्या होत्या हेही तेव्हाच दिसलं. कांडी वॉरंटीत बदलून आली. त्यानंतर पाच-पाच तासांचे रेंडर निमूटपणे पूर्ण होतात. स्टॅबिलायझर आता फ्रिजला लावलाय.

यात मी काही तीर मारला नाही. मेमटेस्ट फुकट मिळतं, इव्हेंट व्ह्यूअर विंडोजमध्येच असतो आणि मल्टिमीटर पिझ्झाच्या किमतीत येतो. या तीन गोष्टी दुकानातही होत्या. वापरल्या नाहीत, कारण वापरायची गरजच पडली नाही. ‘निरगुडसर’ हे उत्तर हाताशी होतं.

"अहो, पण त्या मुंग्यांचं काय? ती तर लाईटच ना?" हा प्रश्न बरोबर आहे, आणि इथे गावाची बाजू घेणं मी थांबवतो.

मुंग्या हा वेगळा आजार होता. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यात दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून कॅबिनेटच्या पत्र्याला, दुसरा न्यूट्रलपासून त्याच पत्र्याला. अर्थिंग असेल तर त्यांच्यातून झिरपणारा किरकोळ करंट जमिनीत जातो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. अर्थिंग नसेल तर ते दोघं मिळून पत्र्याला मधोमध लटकवून ठेवतात. २३० चे निम्मे, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट. आमच्या मीटरवर कॅबिनेट आणि भिंतीतली ओल यांच्यामध्ये १०८ दिसले. करंट अगदी थोडा असतो, त्यामुळे मुंग्यांवर भागतं. पण आत कुठे इन्सुलेशन गेलं आणि फेज थेट पत्र्याला टेकला, तर त्या करंटला जमिनीत जायचा एकच रस्ता उरतो: तुम्ही. मामीची चप्पल म्हणजे विनोद नव्हता, त्या घरातली ती एकमेव सुरक्षा यंत्रणा होती.

आणि हे दुखणं एका घराचं नाही. बोर्डला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. वरच्या मोठ्या भोकाच्या मागे वायरच नसते. किंवा वायर असते, पण दुसरं टोक कुठेच पोचत नाही. तिथून सुटलात तर तीन पिनचा प्लग दोन पिनच्या भोकात बसवणारा दहा-वीस रुपयांचा कन्व्हर्टर असतो. काही महाभाग तर जाडी पिन कापूनच टाकतात. अठ्ठ्याहत्तर हजारांचं मशीन, आतमध्ये रंगीबेरंगी दिवे, आणि जमिनीशी नातं तोडलेलं. अर्थिंगसाठी भारतीय मानक आहे, आयएस ३०४३. पण मानकाचं नाव जाऊ द्या, जुन्या वायरमनला जे माहीत होतं ते तरी करा: खड्डा, पट्टी, मीठ-कोळसा, आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी. झालं की मीटरने बघा. फेज ते अर्थ जवळपास फेज ते न्यूट्रल इतकंच यायला हवं, आणि न्यूट्रल ते अर्थ अगदी थोडे व्होल्ट. बोर्डमध्ये स्वतः सुया घालायची हौस नको, वायरमनला बोलवा. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. एसएमपीएसपेक्षा स्वस्त पडतो आणि एसएमपीएसपेक्षा जास्त महत्त्वाचं काहीतरी वाचवतो.

अर्थिंग केलं, मुंग्या गेल्या. रिस्टार्ट? तसेच चालू होते. कारण दोन वेगळे आजार होते. एक घरातला, एक दुकानातून आलेला. ‘लाईटीचा प्रॉब्लेम’ या एका शिक्क्याने दोन्ही झाकले गेले. शिक्का मारला की दोन नुकसानं होतात: जो दोष आहे तो सापडत नाही, आणि दुसरा दोष जीवघेणा आहे हेही कुणी सांगत नाही. लाईटीला इतक्या शिव्या देणाऱ्या त्या दुकानदाराने तीन भेटींत एकदाही विचारलं नाही, "घरी अर्थिंग आहे का?"

लाईटीचे खरे प्रॉब्लेम असतात, मी नाही म्हणत नाही. पण त्यांना नाव असतं आणि आकडा असतो. एक उदाहरण घ्या. लाईट जाते, इन्व्हर्टर लागतो, घरातला दिवा नुसता लुकलुकतो पण पीसी मात्र बंद पडतो. कारण? लाईट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. ५० हर्ट्झच्या विजेची एक पूर्ण लाटच २० मिलिसेकंदांची. इन्व्हर्टरला बदली व्हायला त्याहून जास्त वेळ लागला की खेळ खलास. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’ नावाचा खटका असतो, तो सरकवला की बदली लवकर होते. तेवढ्याने न भागलं तर वेगळा यूपीएस. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर ॲक्टिव्ह पीएफसीचे एसएमपीएस कुरकुरतात, हाही खरा आणि माहितीतला प्रकार. याला म्हणतात निदान: कोणतं यंत्र, किती मिलिसेकंद, कोणता खटका. ‘गावची लाईट’ हे निदान नाही, नुसता पत्ता आहे.

हा पत्ताही जुनाच. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रातल्या खेड्यांनी दहा-दहा, बारा-बारा तासांचं भारनियमन काढलं. तेव्हाची लाईट शहराच्या डोक्यात पक्की बसली आहे. मधल्या काळात राज्यात बऱ्याच ठिकाणी गावठाणाचा फीडर शेतीपंपांच्या फीडरपासून वेगळा झाला, हे शहराच्या गावीही नाही. विहिरीवरची मोटर चालू झाली की घरातला बल्ब पिवळा पडायचा, ती गोष्ट सगळीकडे तशीच राहिलेली नाही. आमच्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात विजेची खरी तक्रार कोणती, माहितीये? शेतीला थ्री-फेज आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते, आणि रात्रीच्या पाळीत उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याला बिबट्याची भीती असते. दिवसा वीज द्यायची म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली ती याच प्रकारच्या मागणीतून. ती तक्रार जीवाची आहे. तिच्या आडून कुणी आपली खराब रॅम खपवू नये.

आणि मोजून निदान करायचं म्हणजे काय, ते पाहायला परदेशी जायची गरज नाही. निरगुडसरच्या उत्तरेला, शेजारच्या जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद आहे. तिथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मध्यभागी आणि १६ तीन फाट्यांवर, साधारण पंचवीस किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. त्यांना पकडायचे असतात अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेले, कल्पनेपेक्षा क्षीण असे रेडिओ संकेत. त्या कामात विजेच्या तारेवरची एक ढिली क्लिप, तिची एक ठिणगीसुद्धा नडते. आजूबाजूला काय आहे? ऊस, कांदा, डीपी, खांब, तारा. म्हणजे तुमच्या दुकानदाराच्या भाषेत, ‘गावची लाईट’.

तिथले लोक हात झटकून बसले असते तर दुर्बीण चाललीच नसती. गोंगाट दिसला की तो कोणत्या फ्रीक्वेन्सीवर आहे, कोणत्या दिशेने येतोय, कधी वाढतो, हे मोजत मोजत मूळ गाठायचं, ही तिथली रीत. एवढंच काय, २०१० च्या सुमारास त्यांनी दुर्बिणीच्या संकेतांवर प्रक्रिया करणारी यंत्रणा बाजारात मिळणारे संगणक आणि लिनक्स वापरून उभी केली होती. तोच पट्टा, तीच वीज, आपल्यासारखीच मशीनं, आणि त्यावर पल्सार शोधले जातात. आणि आमच्या भावाला सांगतात की तुझ्या गावात लग्नाचा व्हिडिओ रेंडर होणार नाही. वा रे वा!

दुकानदाराला एवढं झोडपल्यावर आता आपल्या बिरादरीकडे वळतो. मंडळी, आपण काही वेगळे नाही.

त्या भावाने दुकानाआधी आमच्या घराण्यातल्या तीन ‘कॉम्प्युटर इंजिनिअरांना’ फोन केले होते. उत्तरं: फॉरमॅट मार. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट कर. "अरे मी सॉफ्टवेअरमधला, हार्डवेअर आपला प्रांत नाही." हे शेवटचं वाक्य आपण ज्या तोऱ्यात म्हणतो ना, त्याची मला खरंच चीड आहे. जणू हार्डवेअर म्हणजे हमाली आणि आपण गादीवर बसणारे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा फाईलने घासून घासून काटकोनात आणला, थेवनिनचा सिद्धांत पाठ केला, पण घरातल्या प्लगची तिसरी पिन कशासाठी असते हे परीक्षेत आलं नाही म्हणून कुणी विचारलं नाही. डिग्री मिळाली, कॅबिनेटचा पत्रा कधी उघडला नाही.

गंमत अशी की हार्डवेअरचं निदान करायला जी शिस्त लागते ती नेमकी आपल्याकडे असते. दोष पुन्हा घडवून आणा. एका वेळी एकच गोष्ट बदला. अर्धं-अर्धं करत संशयित कमी करा. प्रत्येक पायरी लिहून ठेवा. ऑफिसात हे न करणाऱ्या ज्युनिअरला आपण कोड रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो. घरी आलं की "फॉरमॅट मार." आणि ज्या ‘बग’ शब्दावर आपली पोटं चालतात, त्याची सगळ्यात प्रसिद्ध नोंद कसली आहे? १९४७ साली हार्वर्ड मार्क २ च्या रिलेमध्ये सापडलेला पतंग. शुद्ध हार्डवेअर प्रॉब्लेम! त्या लोकांनी तो शोधून काढून वहीत चिकटवून ठेवला. फॉरमॅट मारला नाही.

लक्षण आणि कारण यात गल्लत फक्त दुकानात होते असंही नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरची गोष्ट आठवा. लोकांचे गेम कोसळत होते आणि पडद्यावर संदेश यायचा: व्हिडिओ मेमरी अपुरी आहे. झालं, सगळे ग्राफिक्स कार्डाच्या मागे. ड्रायव्हर बदलले, कार्डं बदलली. शेवटी दोष निघाला सीपीयूमध्ये. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. पडद्यावरच्या ओळीवर विश्वास ठेवणारे फसले. एकेक भाग वेगळा काढून तपासणाऱ्यांनी कंपनीला कबूल करायला लावलं.

नव्या जोडलेल्या पीसीची बहुतेक दुखणी तर याहून साधी असतात. पैसे खर्च करण्याआधी एवढं बघा:

१. पंखे फिरतात, डिस्प्ले नाही: सीपीयूजवळचा चार किंवा आठ पिनचा वेगळा पॉवर कनेक्टर लावलाय का? २४ पिनचा मोठा लावला म्हणजे काम झालं असं नाही.

२. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला आहे की मदरबोर्डला? इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतं त्यात ग्राफिक्स नसतंच. मदरबोर्डच्या पोर्टातून जन्मभर काही येणार नाही.

३. दोन कांड्या असतील तर बहुतेक बोर्डांवर सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबून.

४. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना थांबा. मेमरी ट्रेनिंगला काही मिनिटं लागू शकतात. "मेलं वाटतं" म्हणून बटण दाबून बंद करणारे बरेच जण जिवंत मशीन परत करून येतात.

५. मदरबोर्डवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार छोटे दिवे असतील तर कोणता अडून राहतो ते बघा. निम्मं निदान मदरबोर्ड स्वतःच सांगतो.

६. प्रोसेसर बोर्डपेक्षा नवा आहे का? मग बायोस जुनं असेल. बी४५० च्या जुन्या बोर्डांवर रायझन ५००० लावून हताश बसलेली मंडळी मी पाहिली आहेत.

७. कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक काढलं का? (हसू नका.)

८. एवढं करूनही नाही, तर एक कांडी, एक सीपीयू, एक एसएमपीएस. बाकी सगळं काढा, मग एकेक वाढवा. एसएमपीएसची १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ च्या बाहेर गेली तरच त्याला दोष द्या.

यातल्या पहिल्या सात गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे काही भडकले की ‘बदलून तर बघू’ हा प्रयोग श्रीमंतांनाच परवडावा.

आता दुकानदाराची बाजू, कारण ती आहे. असेंबल्ड पीसीत त्याला सुटतं फार थोडं. आपण पाच वेबसाईटचे भाव मोबाईलवर दाखवून त्यातले पाचशे आणखी कापतो. मग तो मेमटेस्टला रात्रभर मशीन अडकवून ठेवेल, ही अपेक्षा कशाच्या जिवावर? पार्टाचे पैसे आपण निमूट देतो, निदानाचे पैसे म्हटलं की "नुसतं बघायचे पाचशे?" आपण बघण्याला किंमत देत नाही, म्हणून बाजाराने बघणं बंद केलं आणि बदलणं चालू ठेवलं. तेव्हा सरळ सांगा: चोवीस तास लोडवर चालवून, मेमरी तपासून द्या, त्याचे वेगळे पैसे घ्या, रिपोर्ट बिलासोबत जोडा. पाचशे रुपये आधी दिलेले बरे. आमच्या भावाचे नको असलेल्या एसएमपीएसमध्ये, स्टॅबिलायझरमध्ये आणि पेट्रोलमध्ये त्याच्या कितीतरी पट गेले, दोन ऑर्डरी हातच्या गेल्या त्या निराळ्याच.

पण बाजू समजून घेणं वेगळं आणि थाप खपवून घेणं वेगळं. बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. आणि मोजल्यावर खरंच व्होल्टेज १७० निघालं तर वहीतले आकडे घेऊन १९१२ वर विजेची तक्रार करा. वही दोन्हीकडे चालते. म्हणून तर ती ठेवायची.

तंत्रज्ञानाचं लोकशाहीकरण वगैरे भाषणं आपण खूप ऐकतो. माझ्या मते त्याची कसोटी साधी आहे. पुण्यातल्या गिऱ्हाइकाचं मशीन बंद पडलं की मशीनची तपासणी होते, आणि निरगुडसरच्या गिऱ्हाइकाचं मशीन बंद पडलं की गावाची. हे जोवर चालू आहे तोवर भाषणं ठेवा बाजूला. त्या पोराने पैसे तेच मोजले होते, नोटांवर गावाचं नाव नव्हतं.

तेव्हा पुढच्या वेळी काउंटरपलीकडून कुणी म्हणालं, "तुमच्याकडच्या लाईटीचा प्रॉब्लेम आहे," तर वाद घालू नका, आवाज चढवू नका. खिशातून वही काढा आणि दोनच शब्द विचारा:

"किती व्होल्ट?"